कोठीवर कोण बसणार

नवऱ्या मुलाच्या मामांच्या पानात जिलेबी नव्हती, आणि माझ्या अ‍ॅपच्या म्हणण्याप्रमाणे ती त्यांना तीनदा वाढून झाली होती.

मामा इचलकरंजीचे. अंगापिंडाने भरलेले, फेटा कपाळावर उतरलेला, उजवा हात पानाच्या कडेला तयारीत. त्यांच्यासमोर रायगोंडा उभा होता. रायगोंडा म्हणजे मगदूम केटरर्सचा सगळ्यांत जुना वाढपी आणि त्या दिवशी चौथ्या ओळीचा प्रमुख. त्याच्या डाव्या हातात रिकामं ताट होतं, उजव्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवरचं जिलेबीचं बटण राखाडी पडलं होतं. त्याने ते हलकेच दाबून पाहिलं, जोरात दाबून पाहिलं, मग अंगठा सदऱ्याला पुसून पुन्हा एकदा दाबलं.

"मामा, हितं तुमचं झालंय म्हणून दावतंय," तो शेवटी म्हणाला.

मामांनी मोबाइलकडे पाहिलं, मग पानाकडे पाहिलं. "असं होय," ते म्हणाले. "मग त्यालाच विचार, पाक मुरला होता का."

आजूबाजूची माणसं हसली. मी खांबाजवळ वही घेऊन उभी होते. सांगलीतलं मोठं मंगल कार्यालय, दुपारचा सव्वा वाजलेला, दुसरी पंगत नुकती बसलेली, नऊ ओळी, सव्वादोनशे पानं. आणि नऊच्या नऊ ओळींत माझ्या अ‍ॅपनुसार सगळ्यांचं जेवण आटोपलं होतं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. हल्ली मी चार जणांना काम शिकवते, आणि नोकरीसाठी मुलाखतीला येणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारते, की लग्नात तुम्ही कितव्या पंगतीला बसता. बिचारे गोंधळतात. कुणी म्हणतं आमच्याकडे बुफे असतो. तो प्रश्न का विचारते हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण ते सांगायचं तर त्या दिवशी मी काय केलं तेही सांगावं लागतं.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. विश्रामबागेत औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांत आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे कैवल्य सर, मी आणि गळका एसी. मोबाइलची अ‍ॅप कशी बांधायची हे सरांनी मला फळ्यावर चौकोन काढून शिकवलं होतं. पडद्यावर दिसतो तो प्रत्येक तुकडा म्हणजे एक कंपोनंट. मोठ्या चौकोनाच्या पोटात लहान चौकोन असतात. मोठ्याला पेरेंट म्हणायचं, लहानांना चाइल्ड. खरी माहिती सांभाळायची पेरेंटने. तो ती खाली देणार, चाइल्डने मुकाट्याने ती दाखवायची. कुणी बोट लावलं तर चाइल्डने वर कळवायचं, की असं असं झालंय. काय बदलायचं ते पेरेंट ठरवणार आणि नवी माहिती परत खाली येणार. चाइल्डने परस्पर खाडाखोड करायची नाही, आणि शेजारच्या चाइल्डशी तर बोलायचंच नाही. सरांनी हे इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाठ झालं. पाठ झालेलं आपल्याला कळलंय असं वाटण्याचं ते वय होतं.

अशात सुयोग मगदूम आमच्याकडे आला. तो पुण्याहून एमबीए होऊन घरी परतला होता आणि आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं होतं की घरचा एवढा मोठा केटरिंगचा धंदा एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात चालतो. तो माणूस म्हणजे त्याचे थोरले काका, तवनाप्पा मगदूम. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. सुयोगचे वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून भटारखाना सुयोगच्या आईचा, म्हणजे शालनकाकूंचा, आणि कोठी आधीपासूनच आप्पांची. कोठी म्हणजे कार्यालयामागची ती खोली, जिथे तयार झालेलं गोडधोड, तूप, पापड आणून ठेवतात आणि जिथून ते मोजूनमापून पंगतीत जातं. त्या खोलीच्या दारात, पाटावर, आप्पा एक्केचाळीस वर्षं बसत आले होते.

सुयोगला हवं होतं ते असं, की प्रत्येक ओळीच्या प्रमुखाकडे मोबाइल द्यायचा. त्याने 'जिलेबी' दाबलं की कोठीतल्या टॅब्लेटवर त्या ओळीची मागणी उमटणार, फेरी गेली की तशी नोंद होणार, तीन फेऱ्या झाल्या की ओळ हिरवी आणि बटण बंद. कोठीवर बसायला मग कुणी जाणता माणूस लागणार नव्हता. ज्याला हिरवं आणि लाल ओळखता येतं असा कोणीही चालला असता.

काम समजून घ्यायला मी दोन लग्नं आप्पांच्या शेजारी बसून काढली. पहिल्या दिवशी त्यांनी मला वहीसकट बाहेर काढलं, कारण मी चपला घालून आत आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पापड दिला. त्या दोन लग्नांत मी एक गोष्ट पाहिली. सहाव्या ओळीतल्या वाढप्याने जिलेबी संपली म्हणून पाचव्या ओळीच्या ताटातून चार उचलल्या. आप्पांनी बसल्या जागेवरून हाक मारून त्या परत ठेवायला लावल्या आणि त्याला रिकामं ताट घेऊन आपल्याकडे यायला लावलं. वाढपी कुरकुरला, की आप्पा, तेवढ्यासाठी कशाला हेलपाटा.

"त्याच्याकडनं घेतलंस तर तुझं भागंल," आप्पा म्हणाले, "पर मला कसं कळंल? मागनं पाचव्यात कमी पडलं की ते बोंबलणार, आन म्या म्हणणार दिलंय की. मागायचं माझ्याकडं. द्यायचं म्या. मधल्यामधी कारभार न्हाई."

सरांना हेच सांगायला एक आख्खा फळा लागला होता. मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं आणि आप्पांच्या प्रेमात पडले.

म्हणून सुयोगचं पुढचं बोलणं मला झोंबलं. भटारखान्यात सगळ्यांसमोर त्याने जाहीर केलं, की अकरा तारखेचं लग्न या अ‍ॅपवर करायचं. ते नीट पार पडलं की पुढच्या लग्नसराईपासून कोठीवर टॅब्लेट राहील आणि आप्पा घरी आराम करतील. शालनकाकू झाऱ्याने तेल ढवळत राहिल्या. आप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पाठ बघून मला गलबलून आलं. एक्केचाळीस वर्षं एका पाटावर काढलेला माणूस, आणि त्याला तिथून उठवण्याचं हत्यार मी घडवत होते. पगार त्याचाच घेत होते म्हणून घडवत राहिले.

आता माझी खोड सांगते. प्रत्येक ओळीचा चौकोन हा चाइल्ड होता आणि आख्ख्या पंगतीचा पडदा हा पेरेंट. नियमाप्रमाणे बटण दाबलं की चाइल्डने वर कळवायचं आणि वरून नवा आकडा यायची वाट बघायची. या जाण्यायेण्यात पडदा किंचित अडखळायचा, आणि मला सुयोगसमोर भाव खायचा होता. मी काय केलं, तर अ‍ॅप उघडताना पेरेंटकडून येणाऱ्या आकड्यांची प्रत्येक चाइल्डला एक स्वतंत्र प्रत काढून दिली. चाइल्ड आपल्या प्रतीत लगेच बदल करायचा आणि मग सवडीने वर कळवायचा. दाबताक्षणी आकडा हलू लागला. सुयोग खूश झाला. सर गावाला गेले होते, त्यांनी ते पाहिलंच नाही.

चाचणी मी अनेकदा घेतली. दर वेळी एक पंगत पूर्ण जेवू घातली आणि समाधानाने अ‍ॅप बंद केलं. दुसरी पंगत बसवून बघावी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. येणार कुठून, मी आयुष्यभर पहिल्या पंगतीला बसलेली. आई म्हणायची, हिला भूक धरवत नाही, हिला आधी बसवा.

अकरा तारखेला मुहूर्त अकरा-चाळीसचा होता. सुयोगने आप्पांना नवा सदरा, धोतर आणि फेटा देऊन मांडवात पहिल्या रांगेत बसवलं. आज तुम्ही फक्त पाहुणे, असं बजावलं. कोठीच्या पाटावर तो स्वतः बसला, मांडीवर टॅब्लेट घेऊन, आणि वाढप्यांना त्याने सक्त ताकीद दिली, की पडद्यावर मागणी आल्याशिवाय कोठीतून एक पापडसुद्धा हलणार नाही.

पहिली पंगत अशी झाली की मी हवेत तरंगत होते. मागणी यायची, ताट जायचं, ओळ हिरवी व्हायची. सुयोगने दोन पाहुण्यांना कोठीत बोलावून टॅब्लेट दाखवला. मग पंगत उठली, पानं बदलली, नवी माणसं बसली आणि सुयोगने 'नवी पंगत' हे बटण दाबलं.

मामांना सोडून मी कोठीत गेले आणि सुयोगच्या खांद्यावरून टॅब्लेट पाहिला. वर ठसठशीत लिहिलं होतं, 'दुसरी पंगत, वाढलेल्या फेऱ्या शून्य'. त्याच्याखाली नऊ चौकोन, नऊही हिरवेगार, तीन फेऱ्या पूर्ण. मला अर्ध्या मिनिटात सगळं कळलं. पेरेंटकडे नवी पंगत पोचली होती. चाइल्ड मात्र आपापली जुनी प्रत छातीशी धरून बसले होते. वरून काय येतंय इकडे त्यांचं लक्षच नव्हतं, कारण तसं न बघण्याची सोय मीच करून दिली होती. पानावरची माणसं बदलली आणि नोंद तीच राहिली.

दुरुस्ती काय, तेही मला त्याच अर्ध्या मिनिटात कळलं. नऊ मोबाइल आणि एक टॅब्लेट, दहाही ठिकाणी अ‍ॅप बंद करायचं आणि पुन्हा उघडायचं. उघडताना नवी प्रत निघाली असती आणि सगळं सुरळीत झालं असतं. सगळ्या ओळींत धावत गेले असते तरी मिनिटभराचं काम होतं.

मी तोंड उघडणार तोच माझी नजर दारातून बाहेर गेली. चौथ्या ओळीत, मामांपासून दोन पानं सोडून आप्पा जेवायला बसले होते. नव्या फेट्यात ते परके दिसत होते. वरणभात संपला होता आणि ते उजवा हात तसाच पानावर धरून नुसते समोर बघत होते. मला त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं, अगदी लख्ख दिसलं. मी उघडलेलं तोंड मिटलं.

"स्क्रीनवर मागणीच नाही," सुयोग म्हणाला. दारात आता पाच वाढपी रिकामी ताटं घेऊन जमले होते.

"लोकं मागायल्यात की," रायगोंडा म्हणाला.

"पण त्यांचं झालंय असं दिसतंय."

"दिसतंय खरं. पर ते जेवायचं ऱ्हायल्यात."

सुयोगने माझ्याकडे पाहिलं. घामाने त्याचा चष्मा नाकावरून घसरत होता. काय झालंय, किती वेळ लागेल, असं त्याने विचारलं. मी वही उघडली, कोऱ्या पानावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बघावं लागेल. तासभर तरी लागेल." इतक्या शांतपणे मी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते. आपण काहीतरी थोर करतोय अशी खात्री असली की खोटं फार सहज निघतं, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढची दहा मिनिटं मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन खांबाआड उभी राहिले आणि गंमत बघितली. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मजा वाटत होती. सातव्या ओळीत पुऱ्या संपल्या. आठव्या ओळीतल्या एका आजींनी पर्समधून खारी काढली. मामांनी रायगोंडाचा मोबाइल हातात घेऊन, यात वांग्याची भाजी कुठे मिळते, अशी चौकशी सुरू केली. वाढपी हळूच एकमेकांच्या ताटातून उचलू लागले आणि एक्केचाळीस वर्षांचा नियम दहा मिनिटांत मोडीत निघाला.

मग भटारखान्यातून शालनकाकू बाहेर आल्या. हातात झारा तसाच. गरम जिलेबीची तीन घमेली कोठीत जागेवर आणि पानं कोरडी, हे त्यांनी एका नजरेत पाहिलं. त्या मुलाला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावोजींना बोलव."

सुयोग चौथ्या ओळीत गेला आणि आप्पांसमोर वाकून काहीतरी बोलला. आप्पांनी आधी आपल्या पानाकडे पाहिलं. भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे त्या पिढीच्या माणसाला सांगायला नको. त्यांनी हात धुतला, टेबलाचा आधार घेत उठले आणि चालता चालता खांबाशी मी दिसले तेव्हा थांबून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, त्यांना कळलंय, ते मनातल्या मनात माझे आभार मानताहेत.

आप्पा पाटावर बसले. फेटा काढून तुपाच्या डब्यावर ठेवला, टॅब्लेट पालथा घातला आणि पहिल्या ओळीपासून एकेकाला हाक मारायला लागले. दहा मिनिटांत सव्वादोनशे पानांवर जिलेबी होती. मामांनी अकरा खाल्ल्या आणि बारावीला नको म्हणाले. तिसरी पंगतही तशीच झाली. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या अ‍ॅपचं वाटोळं झाल्याचं मला काही वाटत नव्हतं. कोठी आप्पांची राहिली होती.

चार वाजता मागच्या बाजूला कामाच्या माणसांची पंगत बसली. आप्पा नेहमी याच पंगतीला जेवत. मी त्यांच्या शेजारी पान घेतलं. जिलेबी गार होऊन चामट झाली होती, मठ्ठ्यात पाणी वाढलं होतं. माझ्या मनात माझं गुपित मावेना.

"आप्पा, एक सांगू?" मी म्हणाले. "ते काय बिघडलं ते मला लगेच कळलं होतं. बंद करून परत चालू केलं असतं तर मिनिटात सुधारलं असतं. मी मुद्दाम केलं नाही."

आप्पांचा घास हातात राहिला. "का?"

"तुमची कोठी गेली असती."

मग भात कालवत त्यांनी विचारलं, की बिघडलं होतं ते नेमकं काय. मी सांगितलं. पेरेंट, चाइल्ड, प्रत, सगळं. त्यांना समजेल असं सांगितलं, आणि त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं.

"म्हंजे वर नवी पंगत बसली, आन खालचे आपलं जुनंच धरून बसले."

"हो."

"आन एकानं बी वर इचारलं न्हाई, काय बदललंय का म्हणून."

"नाही."

"व्हय," आप्पा म्हणाले आणि पुन्हा तसंच माझ्याकडे बघितलं, खांबापाशी बघितलं होतं तसं. या वेळी जवळून. त्यात आभारबिभार काही नव्हतं.

मग ते हलक्या आवाजात बोलले, काकूंना ऐकू जाऊ नये इतपत. अ‍ॅपचं खूळ सुयोगच्या डोक्यात त्यांनीच घातलं होतं. दिवाळीत तो घरी आला तेव्हा, मोबाइलवर माणसं गाडी मागवतात तर जिलेबी का मागवू नये, असं ते सहज म्हणून बोलून गेले होते, आणि मग हा विचार आपल्यालाच सुचला असं सुयोगला वाटू दिलं होतं. त्यांचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. पाटावरून उठताना आता दोन माणसं लागायची. पण धाकट्या भावाला शेवटच्या दुखण्यात त्यांनी शब्द दिला होता, की शालन स्वयंपाक बघेल तोवर कोठी मी सोडणार नाही.

"आपल्या तोंडानं कसं सोडणार?" ते म्हणाले. "यंत्रानं उठवलं असतं तर शब्द बी ऱ्हायला असता आन गुडघं बी. एक्केचाळीस वर्सात म्या एक अक्षता बघितली न्हाई, पोरी. भाईर मंगलाष्टका, आन म्या आत तूप मोजतोय. सुयोगच्या भैनीच्या लग्नात बी हितंच. आज पैल्यांदा बघितली. पोरगी रडत हुती, बाप रडत हुता. म्या बी रडलो. म्हणलं आता निवांत पंगतीत बसून जेवायचं."

"तुम्ही सांगायचं होतं ना मला, आप्पा."

"तू इचारायचं हुतंस."

ते रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते मीठ मागावं तसं साधेपणाने म्हटलं आणि पुढचा घास घेतला. मी पहिल्या दिवशी या माणसाकडे पाहिलं होतं, तो कोण आहे आणि त्याला काय हवंय ते ठरवून टाकलं होतं, आणि नंतर त्याच्या शेजारी बसून पापड खाल्ले होते. मला रडू आलं. गार जिलेबीवर टपटप पडलं, आणि रायगोंडाने मला तिखट लागलं समजून पाणी आणून दिलं.

जेवण झाल्यावर मी उठले आणि सुयोगसमोर जाऊन उभी राहिले. काकू तिथेच भांडी मोजून घेत होत्या. मी सांगितलं, की चूक माझी होती, ती मला लगेच सापडली होती, मिनिटात सुधारली असती आणि मी मुद्दाम सुधारली नाही. सुयोग लाल झाला. सव्वादोनशे माणसांसमोर त्याची शोभा झाली होती आणि ती मी होऊ दिली होती. तो बरंच बोलला, आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

काकूंनी भांडं खाली ठेवलं. "का केलंस असं?"

खरं कारण सांगितलं तर आप्पांना कोठी हवी की नको हा प्रश्न निघणार होता आणि त्यांचं गुपित फुटणार होतं. काकूंमागे आप्पा सुपारी कातरत बसले होते आणि त्यांचा अडकित्ता थांबला होता. चूक माझीच, एवढंच मी पुन्हा म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग मान न वळवता मागच्या अडकित्त्याचा आवाज थांबलेला ऐकला. त्या बाईने बारा वर्षं नुसत्या वासावरून पाक ओळखला होता. तिला काय कळलं आणि किती कळलं, हे मला आजही माहीत नाही.

"यंत्र नीट कर," त्या म्हणाल्या. "आणि ते नीट चालतंय याची माझी खात्री होईस्तोवर कोठीवर तू बसायचंस. भावोजी भाईर बसतील."

सुयोग काही म्हणायला गेला. काकूंनी भांडी मोजायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, म्हणजे विषय संपला. मागे अडकित्ता चालू झाला.

कैवल्य सरांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी फळ्याकडे नुसतं बोट केलं. त्या चोरट्या प्रती काढून टाकायला मला सात मिनिटं लागली. पडदा पुन्हा किंचित अडखळू लागला. त्याचं अडखळणं बंद करायचा योग्य मार्ग वेगळा होता आणि तो शिकायला मला आठवडा लागला. मग मी एकामागून एक पाच पंगती बसवल्या, मध्येच पंगत मोडली, मध्येच पानं वाढवली. आकडे जागचे हलले नाहीत, म्हणजे हलायला हवे तेव्हाच हलले.

पुढच्या लग्नात मी पाटावर बसले. त्याच्या पुढच्याही. पाटावर सलग पाच तास बसलं की तेविसाव्या वर्षीसुद्धा गुडघ्यांचं काय होतं, ते मला कळलं. बाहेर मंगलाष्टका चालायच्या आणि मी आत तुपाच्या वाट्या टॅब्लेटशी ताडून बघायचे. जेवायला चार वाजायचे. आप्पा दर वेळी पहिल्या रांगेत बसून अक्षता टाकायचे, नवरीचा बाप रडला की रडायचे आणि पहिल्या पंगतीत सावकाश जेवायचे. मधूनच रायगोंडाबरोबर निरोप यायचा, की मठ्ठ्याला मीठ कमी आहे किंवा तिसऱ्या ओळीतल्या म्हातारीला मऊ पुरी दे. अ‍ॅप एकदाही चुकलं नाही. काकूंची खात्री मात्र व्हायला तयार नव्हती.

सातव्या लग्नात मी धीर केला. यंत्र नीट चालतंय हे सगळ्यांना दिसत होतं, पाटावर आता कुणीही बसू शकलं असतं. पण आपणच परस्पर ठरवून उठून जाण्याची मला आता धास्ती होती. रायगोंडा ताट घ्यायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, की पहिल्या ओळीत आप्पा बसलेत, त्यांना विचार, आता मी सुटू का, आणि ते हो म्हणाले तर काकूंना त्यांनीच सांगावं.

रायगोंडा गेला. बराच वेळ आला नाही. पहिल्या ओळीची मागणी टॅब्लेटवर उमटली, जिलेबी, दुसरी फेरी, आणि मागोमाग तो रिकामं ताट घेऊन दारात उभा राहिला.

"काय म्हणाले?"

"इचारलंस ते लई ब्येस केलंस म्हणाले."

"आणि?"

"आन न्हाई म्हणाले."

मी पाट जरा भिंतीकडे सरकवून घेतला, पाठ टेकली आणि त्याचं ताट भरून दिलं.